सुताराचा अंगठा

लोथार हाउबोल्डच्या पँटचे खिसे फार लवकर फाटतात. कापड चांगलं असतं, शिलाई चांगली असते, पण हा माणूस ऊठसूट हात खिशात खुपसून डोंगर चढतो आणि तोल गेला तरी हात बाहेर काढत नाही. सगळा ताण खिशांवर येतो. मग ती पँट माझ्या खानावळीच्या गल्ल्यावर येऊन पडते. "फ्रीडल, जरा बघ गं," एवढंच म्हणतो. लग्न केलं नाही, सुई धरता येत नाही, म्हणजे शेजारणीने शिवायचं. मी आधी त्याला बोलते, मग शिवते, आणि पँट परत देताना पुन्हा बोलते.

आमच्या गावाजवळ एल्ब नदीवर पूल नाही. अलीकडे गाव नि माझी खानावळ, पलीकडे रेल्वे स्टेशन, आणि मधे फेरीबोट. निवृत्त होईपर्यंत ती बोट लोथारच चालवायचा. वेळ झाली की घंटा, घंटा झाली की दोर सोडला. एकदा आमचे पाद्रीबुवा बॅग घेऊन धावत येत होते, धक्क्याला पोचायला पाच-सहा पावलं उरली होती, तरी हा निघाला. रविवारी पाद्रीबुवांनी चर्चमध्ये दयेवर प्रवचन दिलं. लोथार पहिल्या रांगेत बसून ऐकत होता, आणि बाहेर आल्यावर मला म्हणाला, "प्रवचन छान झालं. पण वेळेच्या पुढे गेलं."

असा माणूस सुळक्यांच्या मंडळात आला नसता तरच नवल. नदीच्या दोन्ही काठांना वाळूच्या दगडाचे सुळके उभे आहेत, जंगलभर, शेकड्यांनी. आमच्याकडे प्रत्येक सुळक्याला नाव असतं, आणि यादीत त्या नावापुढे जो पहिल्यांदा वर गेला त्याचं नाव लिहिलेलं असतं. आमच्या भागाची यादी आमचं मंडळ सांभाळतं. मंडळ म्हणजे चार म्हातारे आणि लोथार. महिन्यातून एकदा माझ्या मागच्या खोलीत बसतात, बटाट्याचं सूप पितात आणि दगडांवरून भांडतात.

भांडण नेहमी एकच. सुळका कशाला म्हणायचं? तीन अटी आहेत. तो चारी बाजूंनी सुटा हवा. सगळ्यात बुटक्या बाजूनेही दहा मीटर तरी उंच हवा. या दोन अटींचं काही नाही, डोळे आहेत आणि फीत आहे. तिसरी अट डोकं उठवते: पायी वर जाता येता कामा नये. आता पायी म्हणजे काय? जंगलखात्यातला गडी जिथून शिट्टी वाजवत जातो तिथे मी गुडघ्यावर रांगेन. माझ्या आईच्या काळात या प्रश्नावरून बिअरचा मग भिंतीवर फुटला होता, त्याचा डाग मी लहानपणी पाहिलाय.

तोडगा काढला लोथारने. तेव्हा तो मंडळात सगळ्यात तरुण होता, बोलायचा कमी. म्हणाला, "हात खिशात घाला आणि चालायला लागा. जिथे हात बाहेर काढावाच लागतो, तिथे चालणं संपलं नि चढाई सुरू झाली. हात निघाला की चाचणी तिथेच थांबवायची, माणसाने खाली यायचं, सुळका यादीत राहतो. हात न काढता वर पोचला तर ती टेकडी. यादीतून काढायची." म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. इतकं सोपं आपल्याला का सुचलं नाही याचा त्यांना रागच आला असावा, पण नियम झाला.

आणि नियम करणाऱ्यालाच तो राबवायला लावला. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला दुसरं कोण जाणार? लोथार गेला. यादीतला एकेक सुळका घेऊन मागच्या बाजूने, घळीतून, झाडांच्या मुळांवरून, हात खिशात घालून चढत राहिला. बरेच सुळके टिकले. जे टिकले नाहीत त्यांत बेकर टाउबर्टच्या वडिलांचा 'ओणवी मोलकरीण' होता. वर्षानुवर्षं घरात त्या सुळक्याचं कौतुक, दुकानात फोटो लावलेला. लोथार मागच्या एका चिंचोळ्या पायरीवरून दहा मिनिटांत वर गेला आणि वरून टोपी हलवली. फोटो अजून दुकानात आहे, पण लोथारला त्या दुकानात तेव्हापासून शिळाच पाव मिळतो. लोथार तो मुकाट्याने कॉफीत बुडवून खातो. "बुडवायला शिळाच बरा," म्हणतो.

त्याचा मित्र म्हणावा असा एकच, हार्टमुट लिबशर. सुतार. लोथार जेवढा गप्प तेवढा हा बडबड्या. दोघं जोडीने चढायचे. आमच्याकडे खडकात लोखंड ठोकत नाहीत, दोराच्या गाठी फटीत अडकवून चढतात, आणि जिथे हात पोचत नाही तिथे एकाच्या खांद्यावर दुसऱ्याने उभं राहायचं. त्यात कमीपणा नाही, नियमात बसतं. लोथार कायम खालचा. उन्हाळ्यातल्या एका सकाळी हे दोघं एका अनाम सुळक्याखाली उभे होते. आदल्या दिवशी हार्टमुटने हातोडी स्वतःच्याच अंगठ्यावर मारून घेतली होती, त्यामुळे अंगठा फडक्यात गुंडाळलेला, आणि समोरचा दगडही तस्साच, वर फुगलेला. हार्टमुट अनवाणी पायांनी लोथारच्या खांद्यावर चढला आणि म्हणाला, "हलू नकोस." लोथार हलला नाही. मला तर वाटतं तो त्यानंतर कधी हललाच नाही. यादीत नोंद झाली: सुताराचा अंगठा. प्रथम, हार्टमुट लिबशर, सोबत लोथार हाउबोल्ड. वरच्याचं नाव आधी.

त्या सकाळी सुळक्याच्या पायथ्याशी एका सपाट दगडावर त्राउडेल बसली होती. हार्टमुटची बायको, तेव्हा नवी नवरी. ती शहरातल्या कागदी-रेशमी फुलांच्या कारखान्यात होती, बोटं अशी चपळ की बघत राहावं. पण उंचीला भलतीच भ्यायची. पडदे लावायला स्टुलावर चढायचं म्हटलं तर घाम फुटायचा. त्यामुळे पुढे आयुष्यभर ती खालीच बसली, कॉफीचा थर्मास आणि विणकाम घेऊन. हार्टमुट सगळीकडे चढायचा, पण दर शरद ऋतूत एकदा तरी अंगठ्यावर जायचाच. खरं तर सुळका अगदी साधा. भोवती त्याच्याहून उंच कडे, वरून ना नदी दिसते ना गाव. चढणारे लोक तिकडे फिरकत नाहीत.

"वर आहे तरी काय रे?" त्राउडेल विचारायची.

"काही नाही. बसायला जागा आहे."

एवढ्या बडबड्या माणसाने याबाबतीत कधी ताकास तूर लागू दिली नाही.

काही वर्षांपूर्वी हार्टमुट आपल्या कारखान्यातच गेला. फळीला रंधा मारता मारता बसला आणि उठला नाही. मूलबाळ नाही. आमच्याकडे कबरीची जागासुद्धा मुदतीवर मिळते. मुदत संपली आणि भाडं भरायला कुणी उरलं नाही की दगड उचलतात आणि दुसऱ्याला जागा देतात. त्राउडेलने हिशेब कधीच करून ठेवला होता. मला एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली, "माझ्यानंतर कबर जाणार. घर पुतण्या विकणार. पण यादीत त्याचं नाव राहील, फ्रीडल. दगड कुठे जातोय?"

दगड गेला. गेल्या हिवाळ्यात पाऊस आणि बर्फ यांनी ताळतंत्र सोडलं. वाळूचा दगड पाणी प्यायला की मऊ पडतो. वसंतात बातमी घेऊन आला तो नेमका बेकर टाउबर्ट, मंडळाच्या बैठकीच्याच दिवशी, पिठाचे हात न धुता.

"अंगठ्यामागचा कडा खाली आलाय," तो म्हणाला. "मधली फट भरून गेली. एवढी मोठी शिळा अडकलीय तिथे, रस्ता झालाय रस्ता. माझी म्हातारी सासूसुद्धा वर जाईल."

चौघा म्हाताऱ्यांनी चमचे खाली ठेवले आणि लोथारकडे पाहिलं. लोथार सूप पीत राहिला.

एक म्हातारा हळूच म्हणाला, "पहार घेऊन दोघं गेलो, ती शिळा जरा सरकवली, तर फट पुन्हा मोकळी होईल. कोण बघतंय?"

"मी बघतोय," टाउबर्ट म्हणाला.

"पहार नको," लोथार म्हणाला. "पावसाने ठेवली तिथे ती राहील. माणसाच्या हाताने झालेला सुळका यादीत बसत नाही." त्या दिवशी त्याच्या वाडग्यात अर्धं सूप तसंच राहिलं, आणि माझं सूप कुणी टाकत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कॉफीला बसला होता तेव्हा त्राउडेल आली. कोट न काढता त्याच्यासमोर बसली.

"तू जाणार ना बघायला? तुझे ते खिसे घेऊन?"

"जावं लागेल."

"मग जा, आणि हात काढ. एकदा. एवढंसं. बोट काढ हवं तर."

"त्राउडेल..."

"त्याच्या पायाखाली तुझा खांदा होता, लोथार. तुझंही नाव आहे तिथे. स्वतःचं नाव खोडताना हात थरथरणार नाही का तुझा?"

"थरथरेल," लोथार म्हणाला. बराच वेळ तो कपातल्या पावाकडे बघत होता, पाव विरघळून तळाशी गेला तरी. मग म्हणाला, "मी गेलो आणि वर पोचलो तर लोक म्हणतील, हा जन्मभर चढलेला, याचं काय घेऊन बसलात. मी गेलो आणि पोचलो नाही तर म्हणतील, मित्राचा होता म्हणून सोडला. माझ्या जाण्याला यावेळी किंमत नाही. तू जा."

"मी?"

"तू. तुला जमलं तर कुणालाही जमेल. तू मधे हात काढलास तर सुळका राहिला. मी तोंडातून अक्षर काढणार नाही, टाउबर्टही काढू शकणार नाही."

"अरे, मला स्टुलावर उभं राहता येत नाही!"

"माहितीय. मी तुमच्याकडे पडदे लावलेत."

तो गेल्यावर मला त्याचा असा राग आला की त्याचा कप मी आदळलाच. जन्मभर लोकांच्या वाडवडिलांचे सुळके पाडले, तेव्हा जीभ अडखळली नाही. आपली पाळी आली तर निवाडा विधवेच्या खिशात घातला. त्राउडेल मात्र शांत होती. स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि कुजबुजली, "मी अर्ध्यात हात काढणार. तुला आत्ताच सांगून ठेवते."

"काढ," मी म्हटलं. "दोन्ही काढ. मला काय, मी झाडावरची खार बघत असेन."

पुढचा रविवार कोरडा होता. ओल्या दगडावर आमच्याकडे कुणी पाय ठेवत नाही, चाचणीलाही नाही, म्हणून लोथारने त्या आठवड्यात रोज जाऊन दगडाला हात लावून पाहिला होता. आम्ही चौघं गेलो. तो, मी, साक्षीला टाउबर्ट, आणि त्राउडेल. तिने हार्टमुटचं सुताराचं काळं मखमली जाकीट घातलं होतं, रेघारेघांच्या मखमलीचं, तिला गुडघ्यापर्यंत येणारं. खिसे एवढे खोल की त्यांत कोपरापर्यंत हात जावा.

लोथारने नियम सांगितला, तिला पाठ असूनही. "हात निघाला की मी थांब म्हणेन. तू तिथूनच मागे फिरायचंस."

"ठाऊक आहे," ती म्हणाली, आणि निघाली.

खालचा भाग नुसता ढिगारा होता. तिथे ती कोंबडीसारखी एकेक पाय बघून टाकत गेली. मग ती अडकलेली शिळा आली. टाउबर्ट म्हणाला होता तसा रस्ता काही नव्हता तो. शिळा तिरकी होती, गुळगुळीत, आणि डाव्या बाजूला बऱ्यापैकी खोल मोकळं. त्राउडेल थांबली. मला पाठमोरी दिसत होती. जाकिटाच्या दोन्ही खिशांत मुठी फुगल्या होत्या, आणि त्या हलत होत्या, वर खाली, वर खाली. आता काढते, मी मनात म्हटलं. आणि ठरल्याप्रमाणे खार शोधायला लागले. पण कसली खार नि कसलं काय, माझी नजर तिच्यावरून हटेना. टाउबर्टने टोपी काढून हातात धरली होती.

लोथार न बघताच मागे सरकला आणि त्या सपाट दगडावर, त्राउडेलच्या दगडावर, बसला. तिचा थर्मास त्याच्या मांडीवर होता. तोंड पांढरंफटक. मला तेव्हा कळलं की या माणसाला नेमकं काय व्हायला हवं आहे ते त्याचं त्यालाही माहीत नाही. आणि माझा राग तिथेच गळाला.

त्राउडेल पुढे वाकली, जवळजवळ नाक दगडाला टेकेपर्यंत. एक पाय टाकला. मग दुसरा. हात खिशातच होते. शिळा संपली, वरची कड आली, तिथे ती बाजूने सरकत गेली, पाठ दगडाला घासत. मग काही क्षण दिसेनाशी झाली. आणि मग आम्ही मान वर केली तर अंगठ्याच्या टोकावर काळं जाकीट उभं होतं.

ती वर बसली. आम्ही खाली वाट बघत राहिलो. टाउबर्टने उगाच आजूबाजूची झाडं पाहून घेतली, टोपी घातली, काढली. ती काही उतरेना. शेवटी वरून आवाज आला.

"लोथार, जरा डावीकडे सरक."

"का?"

"मी त्या बाजूला बसायचे."

लोथार डावीकडे सरकला आणि थर्मास उजवीकडे ठेवला. आणखी बराच वेळ आम्ही तसेच होतो, ती वर आणि तो खाली.

उतरताना ती बसून, घसरत, दोन्ही हातांनी मिळेल ते धरत आली. उतरायला नियम नाही. शेवटच्या दगडावर टाउबर्टने पुढे होऊन तिला हात दिला. "माझ्या बाबांचा सुळका गेला तेव्हा मी असाच खाली उभा होतो," तो म्हणाला, आणि नाक शिंकरलं. लोथारकडे त्याने पाहिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीतून लोथारसाठी आलेला पाव गरम होता. लोथारने तो दुपारपर्यंत ठेवून शिळा केला, सवय जाते थोडीच.

पुढच्या बैठकीत लोथारनेच ठराव वाचला. सुताराचा अंगठा, नोंद रद्द. कारण, पायी जाता येतं. हार्टमुटच्या नावाशी तो थांबला. एका म्हाताऱ्याने पाण्याचा ग्लास सरकवला, पण त्याने घेतला नाही, पुन्हा पहिल्यापासून सगळं वाचलं. मग पट्टी ठेवून रेघ ओढली. हात थरथरत होता, तरी रेघ सरळ आली. मी सूप न विचारताच दुसऱ्यांदा वाढलं आणि त्याने ते संपवलं.

आता रविवारी हवा कोरडी असली की दोघं जातात. त्राउडेल वर जाते, लोथार खाली दगडावर थर्मास घेऊन बसतो. मी त्याला म्हटलं, "अरे, आता तर रस्ता झालाय, तूही जा की वर तिच्याबरोबर. गुडघे दुखतात का?"

"गुडघे ठीक आहेत."

"मग?"

"तो सुळका होता तेव्हा मी चढलोय. आता टेकडी आहे. मंडळाच्या माणसाचं तिथे काम नाही." मग जरा थांबून म्हणाला, "आणि फ्रीडल, कुणीतरी खाली लागतंच."

त्राउडेलला मात्र मी बरेच दिवस छेडलं नव्हतं. गेल्या आठवड्यात ती माझ्याकडे बसून चक्क्याच्या गोड टिक्क्या तळायला मदत करत होती, तेव्हा विचारलं, "काय दिसतं गं वरून?"

"नदी दिसत नाही," ती म्हणाली. "गाव दिसत नाही. चहूकडे कडे आणि झाडं. एका बाजूला खाली तेवढी मोकळी जागा आहे, आणि त्या जागेत फक्त माझा दगड. बसणारं माणूस असं पूर्ण दिसतं, डोक्याच्या भांगापासून चपलांपर्यंत. लोथारला टक्कल पडलंय, तुला माहितीय?"

"सगळ्या गावाला माहितीय." मी टिक्की उलटली. "पण मला एक सांग. तू तर अर्ध्यात हात काढणार होतीस ना? त्याचं नाव राहिलं असतं. शिळेवर उभी होतीस तेव्हा मला वाटलं, आता काढते."

"काढतच होते."

"मग?"

तिने पिठाचे हात एप्रनला पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हात काढला असता तर लोथारने मला तिथूनच खाली बोलावलं असतं. आणि मला वर जायचं होतं."